तोंडाने सांगा

"कसंतरीच हुतंय बघा, मंजुताई," खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून ताजबी म्हणाली.

खिडकीच्या आतल्या बाजूला मंजुषा देवल बसली होती आणि तिच्या खुर्चीमागे दवाखान्याचा नवा मॅनेजर यतीन हातात पेन घेऊन उभा होता. आपण आज फक्त ऐकायला आलोय, असं त्याने सकाळीच सांगितलं होतं. असा माणूस पाठीशी उभा राहून ऐकायला लागला की साधं शिंकायचीही चोरी होते.

"ताप आहे?" मंजुषाने विचारलं.

"न्हाई."

"कुठे दुखतंय?"

"दुखत तर कुटंच न्हाई."

"उलटी, जुलाब, रक्त वगैरे?"

"तोबा तोबा! तसलं काय न्हाई. नुसतं कसंतरीच हुतंय. सकाळपास्नं."

तीन प्रश्न झाले आणि तिन्हींना नाही आलं. आता यतीनच्या नियमाप्रमाणे मंजुषाने हसतमुखाने म्हणायचं होतं, 'दोन दिवस आराम करा आणि मग फोन करा.' 'हसतमुखाने' हा शब्दही यतीनचाच. मंजुषा हसली. अगदी नियमाप्रमाणे हसली आणि म्हणाली, "आत जाऊन थांबा, ताजबी. हे सुरेश आहेत ना, त्यांच्यानंतर तुम्ही."

ताजबी पदर सावरत आत गेली. यतीनने पेनाचं टोपण लावलं.

"मॅडम, धिस इज एक्झॅक्टली द प्रॉब्लेम. तीन नो म्हणजे नो. का पाठवलंत तिला?"

"तिला कसंतरी होतंय."

"कसंतरी म्हणजे काय पण? कम्प्युटरमध्ये काय टाकू मी?"

"कसंतरी टाका."

यतीनने कम्प्युटरमध्ये 'नथिंग स्पेसिफिक' टाकलं. मुलगा पुण्याचा, घरी मराठी बोलणारा, आणि त्याने 'कसंतरी'चं भाषांतर 'काही नाही' असं केलं! मल्याळी माणसाने केलं असतं तर मंजुषाने माफ केलं असतं. कसंतरी होणं म्हणजे काही न होणं, हे कुठल्या मराठी आईने आपल्या पोराला शिकवलं असेल? शिळं खाल्लं तरी कसंतरी होतं, निकालाच्या आदल्या दिवशीही होतं, माहेरचा निरोप आला नाही तरी होतं, आणि एखादं मोठं दुखणं दाराशी येऊन उभं असतं तेव्हाही माणसाला आधी कसंतरीच होतं. यातलं नेमकं कुठलं, ते ज्याला होतं त्याला सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर तो खिडकीशी आला कशाला असता?

हे मंजुषाला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. ज्याने शिकवलं होतं तो माणूस आतल्या केबिनमध्ये बसला होता.

शारजात, रोल्ला भागात, कापडाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर श्रीनाथ वेलणकरांचा हा दवाखाना. मंजुषा लग्न होऊन सांगलीहून इथे आली तेव्हा नवरा दिवसभर कामावर आणि खाली रस्त्यात ओळखीचं एक तोंड नाही. एका दुपारी जीव घाबरा झाला म्हणून ती चप्पल अडकवून या जिन्याने वर आली होती. काय होतंय, असं वेलणकरांनी विचारलं आणि तिच्या तोंडून तोच शब्द निघाला. डॉक्टर हसले नाहीत की घड्याळाकडे बघितलं नाही. "कसं ते सांगता येत नाही म्हणूनच कसंतरी म्हणतात," ते म्हणाले होते. "बसा." त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, छातीला नळी लावली. काहीच निघालं नाही. मग माहेर कुठलं, असं विचारलं, आणि मंजुषा त्या खुर्चीत बसून पोटभर रडली. पुढे दोन-तीनदा असंच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "टायपिंग येतं का हो तुम्हाला?"

तेव्हापासून ती या खिडकीत होती. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "दुखतंय म्हणणाऱ्याला दोन मिनिटं बसवलंत तरी चालेल, मंजुषाबाई. कसंतरी होतंय म्हणणाऱ्याला आधी आत पाठवायचं."

मग दोन हजार एक सालात कॉन्ट्रॅक्ट आलं. शेजारच्या दुबईत, रास अल खोरला, मोठं वर्कशॉप आणि गोदामं असलेल्या एका ग्रुपने आपली सगळी माणसं, बायकामुलांसकट, वेलणकरांच्या हवाली केली. माणशी महिन्याला ठरलेली रक्कम, मग तो माणूस महिन्यात दहादा येवो की एकदाही न येवो. शिवाय माणसं हॉस्पिटलात कमी गेली, सिक लीव्ह कमी पडली, तर वर्षाच्या शेवटी डॉक्टरांना वर बोनस.

"आयुष्यभर लोक आजारी पडले की मला पैसे मिळाले," वेलणकर तेव्हा लहान मुलासारखे खुशीत येऊन म्हणाले होते. "आता ते धड राहिले की मिळणार. याहून चांगलं काय असतं हो?"

मंजुषालाही ते पटलं होतं, आणि तिच्या या पटण्यात काही खोट नव्हती. सुरुवातीचे महिने दोघांनी हौसेने कामही केलं. शुक्रवारी सुट्टी मोडून रास अल खोरला जायचं, वर्कशॉपच्या शेडमध्ये टेबल टाकायचं आणि ग्रीसने माखलेल्या हातांना दंडापर्यंत पुसून ब्लडप्रेशर बघायचं. कित्येकांना आपल्याला साखर आहे हेच माहीत नव्हतं.

पण माणसांना धड ठेवायला वेळ लागतो, मेहनत लागते, औषधं लागतात. माणसांना दाराबाहेर ठेवायला काहीच लागत नाही. आणि कागदावर दोन्हीची बेरीज सारखीच दिसते. हा शोध लावायला यतीन आला. आल्या आल्या त्याने शुक्रवारचे कॅम्प बंद केले. मग फोन केल्याशिवाय यायचं नाही असा नियम झाला, मग खिडकीवरचे ते तीन प्रश्न आले. एवढं करूनही लोक येतच राहिले तेव्हा त्याने बाहेरच्या खोलीतल्या बहुतेक खुर्च्या उचलून माळ्यावर टाकल्या. बसायला जागा मिळाली नाही की उगाच आलेला माणूस आपोआप परत जातो, असं त्याचं म्हणणं. मंजुषाने आपल्या डोळ्यांनी बघितलं, खरोखर आजारी असलेला माणूस आधी परत जायचा. उभं राहवत नसे म्हणून.

त्या दिवशी दुपारी दवाखाना बंद व्हायच्या वेळी डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. यतीन तिथे आधीच बसला होता.

"मंजुषाबाई, या ताजबीचं काय करायचं?" डॉक्टर म्हणाले. ते टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे सरकवत होते. "दर आठवड्याला येते. ईसीजी काढला, शुगर बघितली, थायरॉइड बघितलं. काहीही नाही तिला."

"मला तरी कुठे काय होतं, डॉक्टर?"

पेपरवेट थांबला. यतीनला काही कळलं नाही, पण वेलणकरांना कळलं. त्यांचे कान लाल झाले.

"तो काळ वेगळा होता," ते म्हणाले.

"मॅडम, शी कम्स टु टॉक," यतीन म्हणाला. "तुमच्याशी मराठीत गप्पा मारायला येते ती. आय अंडरस्टँड. पण वी आर नॉट अ महाराष्ट्र मंडळ."

यातलं थोडं खरं होतं हे मंजुषालाही ठाऊक होतं. ताजबी मिरजेची. नवरा वारल्यावर भावाच्या ओळखीने इथे आली आणि ग्रुपच्या क्वार्टर्समध्ये झाडलोट करायची. तिथे सगळे मल्याळी, बंगाली, पठाण. मंजुषा सांगलीची म्हटल्यावर तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. पण गप्पा मारायला येणारा माणूस आजारी नसतो, हे यतीनला कुणी सांगितलं?

"तुम्हीच समजावून सांगा तिला," डॉक्टर पुन्हा पेपरवेटकडे बघत म्हणाले. "तुमचं ऐकेल ती. ताप असेल, दुखत असेल, तर जरूर यायचं. एरवी नाही. आणि तीच कशाला, अशा सगळ्यांनाच. तुम्हाला ते... छान सांगता येतं."

डॉक्टर वेलणकरांना कुणाला नाही म्हणता येत नाही, अशी त्यांची रोल्लाभर ख्याती होती. लोक कौतुकाने सांगायचे. मंजुषाही आजवर कौतुकानेच सांगत आली होती. त्या क्षणी तिला लख्ख समजलं की डॉक्टरांना नाही म्हणता येत नाही ते खरंच, आणि म्हणूनच त्यांनी नाही म्हणायला खिडकी ठेवली आहे. खिडकीत तिला ठेवलं आहे. इतकी वर्षं त्या खिडकीतून 'या' म्हटलं गेलं ते त्यांच्या नावावर जमा झालं, आणि आता 'जा' म्हटलं जाईल ते तिच्या.

"बघते," एवढंच म्हणून ती बाहेर आली. रागाच्या भरात कुलूप लावताना किल्ली दोनदा खाली पडली.

रात्री जेवताना तिने घरी सांगितलं. तिचा नवरा चंद्रशेखर रास अल खोरलाच एका टायरच्या गोदामात अकाउंट्स बघायचा. त्याला या सगळ्यात पहिलं नवल निराळ्याच गोष्टीचं वाटलं.

"माणशी अठरा दिरहम? म्हणजे दोनशे तीस रुपयांत महिनाभर डॉक्टर?" तो म्हणाला. "मग काय, तो यतीन चुकीचं बोलत नाहीये, मंजू. वेलणकरांनाही क्लिनिक चालवायचंय."

"चालवू देत की. मी कुठे नको म्हणतेय?"

"मग तुझं काय जातं सांगायला? दोन शब्द बोलायचे. यल्ला, खलास, संपला विषय."

"अहो, त्यांना नाही म्हणायचंय तर त्यांनी म्हणावं. माझ्या तोंडाने कशाला?"

"कारण त्याचाच पगार आहे तुला!" चंद्रशेखरचा आवाज चढला. मग त्याने तो खाली आणला. "नोकरी गेली तर व्हिसा कॅन्सल. वर दुसरी नोकरी धरायला सहा महिन्यांचा बॅन मारतात. माझ्या व्हिसावर घरात बसशील, पण अपूर्वाच्या कॉलेजचं काय? माझ्या पगारात भाडं निघतं, बाकी काही निघत नाही, हे तुला मी सांगायला नको."

अपूर्वा बारावीला होती. ताटातली भेंडी बाजूला सारत ती म्हणाली, "आई, इट्स नॉट युअर क्लिनिक. जस्ट डू युअर जॉब."

"तेच करायचं म्हणतेय मी," मंजुषा म्हणाली. त्या दोघांना त्याचा अर्थ कळला नाही. खरं तर तिलाही त्या वेळी पुरता कळला नव्हता. मनात एक गोष्ट तेवढी पक्की झाली होती.

शनिवारी ताजबी आली. तिने काचेला कपाळ टेकवलं. मंजुषाने तीन प्रश्न विचारले, तीन 'न्हाई' ऐकले. यतीन फोनवर बसवलेल्या नव्या मुलीला, सृष्टीला, काही समजावत होता. त्याचा एक कान इकडे होताच.

मंजुषा उठली, केबिनचं दार वाजवून उघडलं आणि म्हणाली, "डॉक्टर, ताजबी आल्यात. ताप नाही, दुखत नाही. बाहेर येता का जरा?"

"का? काय झालं?"

"तुम्ही त्यांना सांगायचंय ना, येऊ नका म्हणून. त्या उभ्या आहेत."

वेलणकरांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने त्यांना रस्ता झाडायला सांगितलं होतं. आतला पेशंट ऐकत होता, बाहेरचे माना वळवून बघत होते. न उठून भागलं नसतं. ते गळ्यातली नळी चाचपत बाहेर आले. ताजबीने त्यांना बघून पदर पुढे ओढला.

मंजुषाची अशी खात्री होती की ते बोलू शकणार नाहीत. तोंडासमोर तो सुकलेला चेहरा बघितला की पूर्वीचे वेलणकर जागे होतील आणि 'बसा' म्हणतील. याच खात्रीवर तिने हे धाडस केलं होतं.

"ताजबी," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाहीये. असं सारखं सारखं येऊ नका. दोन दिवस आराम करा आणि, आणि मग फोन करा."

"बरं सायब," ताजबी म्हणाली. "चुकलं माजं. न्हाई यायची." आणि ती कठडा धरून जिना उतरून गेली. भांडली नाही, रडली नाही. खालच्या वळणावर तिच्या प्लॅस्टिकच्या चपलांचा आवाज थोडा वेळ येत राहिला आणि मग कापडाच्या दुकानातल्या गलक्यात मिसळून गेला.

चूक तिची होती आणि भोगलं ताजबीने. दुसरी कुणी असती तर तिथेच खचून गप्प बसली असती. मंजुषाला मात्र याचा असा संताप आला की तिने पुढच्या माणसाला तीन प्रश्न विचारले, त्याने तीनदा नाही म्हटलं, आणि ती पुन्हा उठून दारापाशी गेली.

"डॉक्टर, बाहेर येता का?"

त्या दिवशी वेलणकर किती वेळा उठले ते मोजायला कुणाला फुरसत नव्हती. तपासता तपासता उठायचं, बाहेर यायचं, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून 'घरी जा' म्हणायचं. रंगारी होता, ड्रायव्हर होता, कडेवर पोर घेतलेली एक गुजराती बाई होती. प्रत्येकाला सांगताना डॉक्टरांचा आवाज आणखी बारीक होत गेला. सृष्टी फोन कानाला लावून नुसती बघत राहिली होती.

"मॅडम, यू कान्ट डू धिस," यतीन दबक्या आवाजात ओरडला. "सांगणं तुमचं काम आहे!"

"विचारणं माझं काम आहे. ते मी करतेय. एकही प्रश्न गाळला असेल तर सांगा."

"मंजुषाबाई, तुम्ही मला छळताय," चौथ्या की पाचव्या खेपेला डॉक्टर म्हणाले.

"नाही, डॉक्टर. तुमचं आहे ते तुम्हाला देतेय फक्त."

संध्याकाळी दवाखाना पुन्हा उघडला तेव्हा पहिलाच सुरेश आला. ग्रुपच्या वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्त करणारा, रोहा-माणगावकडचा दणकट माणूस. ताप नाही, दुखत नाही. "नुसतं घाबरल्यासारखं होतंय, मॅडम. का ते कळत नाही. लाज वाटते सांगायला."

मंजुषाने दार वाजवलं. वेलणकर बाहेर आले, सुरेशसमोर उभे राहिले, तोंड उघडलं. सुरेश मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होता. डॉक्टरांच्या तोंडातून शब्दच फुटेना. त्यांनी एकदा खाकरलं, एकदा चष्मा काढून पुन्हा लावला.

"आत या," ते म्हणाले. "आत येऊन बसा."

त्या संध्याकाळी मग कुणालाच परत पाठवलं गेलं नाही. पुढचे दिवसही बहुतेक तसेच गेले. डॉक्टर कधी चिडून नाही म्हणायचे, पण बऱ्याचदा दारापर्यंत येऊन हाताने नुसती आत यायची खूण करायचे. सुरेशला काय निघालं, असं कुणी विचारेल. काही निघालं नाही. त्याच्या गावी त्याचा धाकटा भाऊ त्याच्या नावावरची जमीन विकायला निघाला होता आणि हे त्याला कुणाला सांगता आलं नव्हतं, इतकंच. पण कुणाला काही निघायलाच हवं, असं मंजुषाचं म्हणणं नव्हतंच.

शुक्रवारी ती एकटीच क्वार्टर्सवर गेली. ताजबी जिन्याखालच्या खोलीत राहायची. तिने घाईघाईने चहा टाकला, वेलची नव्हती म्हणून दोनदा हळहळली.

"आता खरं सांगा," मंजुषा म्हणाली. "काय होतं तुम्हाला?"

ताजबीने चहा गाळून कप पुढे ठेवला. "हसू नका हं. मिरजेचं घर बंद करून आले न्हवं, तवा कुलूप लावलं का न्हाई, त्येच आठवत न्हाई मला. किल्ली हाय माज्यापाशी. पर लावलं का न्हाई? मग कसंतरीच सुरू हुतं. एकदा सुरू झालं की घरात बसवत न्हाई. तुमच्याकडं आलं, सायबांनी हात धरून नाडी बघितली, की जरा बरं वाटतं."

"मग यायचं."

"सायब न्हाई म्हनले की."

"पुन्हा एकदा म्हणू देत. तुम्ही या तर खरं."

महिना संपला आणि यतीनच्या कम्प्युटरवरचा पेशंटच्या संख्येचा आलेख वर गेला. माणसं काम सोडून दवाखान्यात जाऊन बसतात, असंच चाललं तर कॉन्ट्रॅक्टचा विचार करावा लागेल, असा ग्रुपच्या ऑफिसमधून फोन आला. गुरुवारी सकाळी यतीनने मंजुषाच्या पुढ्यात एक लिफाफा ठेवला. खिडकीवर आता सृष्टी बसेल, असं तो म्हणाला. एवढं म्हणताना त्याचाही आवाज धड नव्हता; पोरगा काही अगदीच दगड नव्हता.

मंजुषाने लिफाफा उघडला नाही. काय आहे ते न वाचताही कळत होतं. तिच्या डोळ्यांसमोर अपूर्वा आली, चंद्रशेखर आला. तरीही तिने लिफाफा यतीनच्या हातात परत दिला.

"हे डॉक्टरांनी तोंडाने सांगायचं."

"सर बिझी आहेत, मॅडम. प्लीज. मेक इट ईझी."

"मग थांबते मी. माझा नंबर येईल तेव्हा जाईन."

ती खिडकीची खोली सोडून बाहेर आली आणि भिंतीशी ओळीत उभी राहिली. बसायला रिकामी खुर्ची नव्हतीच. तिच्या पुढे एक ड्रायव्हर होता, हाताला फडकं बांधलेला एक सुतार होता. थोड्या वेळाने जिना चढून ताजबी आली आणि मंजुषाला ओळीत उभी बघून बावरली.

"तुमी हितं? बरं न्हाई काय, मंजुताई?"

"बरी आहे. माझ्या मागे उभ्या राहा."

सृष्टी खिडकीतून बघत होती. तिने ताजबीला ते तीन प्रश्न विचारले नाहीत. कदाचित धीर झाला नसेल, कदाचित दुसरंही काही असेल.

ओळ हळूहळू पुढे सरकली. मंजुषाचे पाय भरून आले. इतकी वर्षं माणसांना थांबा म्हणून सांगितलं, पण या भिंतीशी उभं राहून थांबणं म्हणजे काय ते तिला आज कळत होतं. सुतार बाहेर आला, आणि ती आत गेली.

वेलणकर खाली मान घालून आधीच्या पेशंटचं काही लिहीत होते. "हं, बसा. काय होतंय?" ते सवयीने म्हणाले आणि मग त्यांनी वर बघितलं.

मंजुषा बसली नाही. "काही होत नाही, डॉक्टर. तुम्हाला मला काहीतरी सांगायचंय."

"यतीनने दिलं नाही का?"

"दिलं होतं. मी परत केलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते म्हातारे झालेत, हे तिच्या आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यांची नजर टेबलावर गेली, खिडकीकडे गेली, पेपरवेटकडे गेली. मंजुषा उभी राहिली. तिला घाई नव्हती. मनात कुठेतरी एक वेडी आशाही होती, नाही असं नाही. सुरेशच्या वेळी फुटले नव्हते तसे शब्द आताही फुटणार नाहीत अशी.

शेवटी वेलणकर खुर्चीतून उठले. उभे राहिले आणि त्यांनी तिच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"मंजुषाबाई, पहिल्या तारखेपासून येऊ नका," ते म्हणाले. "कॉन्ट्रॅक्ट गेलं तर मला हा दवाखाना चालवता येणार नाही. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. पण येऊ नका." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले नाहीत.

आता ऐकल्यावर तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. पण ज्याचं त्याने सांगितलं होतं, मान वर करून सांगितलं होतं. यापेक्षा अधिक काही मागायचं तिच्या मनात नव्हतं.

"बरं, डॉक्टर," ती म्हणाली.

ती दारापाशी आली आणि तिने दार पूर्ण उघडलं. बाहेर ताजबी उभी होती. यतीन खिडकीपाशी होता. ताजबीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि एकदा आत उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे, आणि तिचं पाऊल अडखळलं. मंजुषाने दाराला पाठ लावली आणि ते तसंच धरून ठेवलं.

"या ताजबी," ती म्हणाली. "तुमचा नंबर आहे."

ताजबी चपला काढून आत गेली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. डॉक्टर खाली बसले आणि त्यांनी नाडी बघायला हात पुढे केला. तेव्हा मंजुषाने दार हळूच लावून घेतलं.